काउंटर दोनचा शेरा

“ह्यांचं वय सव्वीस दाखवतंय,” काउंटरवरच्या मल्लिगाम्मा म्हणाल्या. समोर उभ्या असलेल्या गृहस्थांकडे त्यांनी पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडे.

गृहस्थ ऐंशीच्या पुढचे होते. नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळाला गंध, हातात छत्री. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी होतं. आज सोमवार, त्याआधीची तपासणी. सोबत सून आली होती. वय ऐकून ती आधी हसली. मग काउंटरवरून वाकून तिनं स्वतः स्क्रीन पाहिली आणि तिचं हसू गेलं.

“लाल शेरा कुठं गेला? सल्फाचा. मागच्या खेपेला तुम्हीच लिहिला होता, माझ्या डोळ्यांदेखत.”

मल्लिगाम्मांनी कार्ड खालीवर केलं. लाल शेरा नव्हता. त्या जागी लिहिलं होतं, ‘चष्म्याचा नंबर बदलला. संगणकावर काम.’

मी तेव्हा शेजारच्या टेबलाखाली होतो. तंजावरातल्या ह्या खाजगी डोळ्यांच्या हॉस्पिटलचं सगळं सॉफ्टवेअर मी बघतो. त्याचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. त्या दिवशी मात्र मी प्रिंटरच्या वायरसाठी आलो होतो. गुडघे झाडत उठलो तोवर मल्लिगाम्मा मला ‘राव सार’ म्हणून हाक मारत होत्या. ‘राव’ ऐकताच ती सून माझ्याकडे वळली आणि तमिळ सोडून आमच्या तंजावरच्या मराठीत बोलू लागली.

“तुम्ही आमचेच नव्हे का? मग ह्यांस सांगा की. मामंजींचं कार्ड कोण्ही पुसलं? त्या सल्फाच्या गोळीनं एकदा सगळं अंग सुजलं होतं त्यांचं. मज भय वाटतं.”

मामंजी म्हणजे सासरे. महाराष्ट्रात आता हा शब्द जुना झाला असेल, आमच्याकडे रोजचा आहे. सल्फा हा औषधांचा एक प्रकार. डोळ्यातला दाब उतरवायला ऑपरेशनच्या सुमारास कधी कधी एक गोळी देतात. ज्याला सल्फा सोसत नाही त्याला ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. म्हणून तो शेरा लाल होता.

हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरीणबाई, आमच्या डॉक्टरम्मा, ह्यांनी तिथल्या तिथे कागदावर मोठ्या अक्षरात सल्फाचं लिहिलं आणि तो केसपेपरला टाचला. आजोबांचा धोका टळला. पण डॉक्टरम्मांचा चेहरा उतरला होता. त्या मला केबिनमध्ये घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “लॉग काढा.” (इथून पुढचं बोलणं बहुतेक तमिळमध्ये झालं. मी मराठीत देतो.)

लॉग म्हणजे संगणकानं आपणहून ठेवलेली नोंदवही. कोणी, केव्हा, काय केलं, सगळं त्यात असतं. मी लॉग काढला. त्यात दिसलं की आजोबांचं कार्ड पुसलं गेलं नव्हतं. ते दुसऱ्या एका कार्डात मर्ज झालं होतं. एकाच माणसाची चुकून दोन कार्डं झाली की ती जोडून एक करतात, त्याला मर्ज म्हणतात. नवं कार्ड राहतं, जुनं बाजूला पडतं. आजोबांचं कार्ड पी. मल्हारराव नावाच्या सव्वीस वर्षांच्या पेशंटच्या कार्डाला जोडलं होतं. आजोबांचंही नाव पी. मल्हाररावच होतं.

एवढ्यावर भागलं नाही. तीन आठवड्यांत अशी त्रेचाळीस मर्ज झाली होती. प्रत्येकासमोर वेळ एकच, दुपारी दीड. आणि प्रत्येकासमोर नाव एकच, काउंटर-दोन.

काउंटर दोनवर बावीस वर्षं मल्लिगाम्मा बसतात.

“दीड म्हणजे जेवणाची सुट्टी,” डॉक्टरम्मा म्हणाल्या. “जेवता जेवता बटणं दाबत बसली असणार. राव सार, तो तुमचा एजंट तर नाही ना ह्यात?”

ह्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते मला आजही टोचतं. मी म्हणालो, “शक्यच नाही, डॉक्टरम्मा.”

एजंटबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्या महिनाभर आधी आम्ही तिथे एक एआय एजंट बसवला होता. हा म्हणजे एक प्रोग्रॅमच, पण त्याला पायरीपायरीनं सांगावं लागत नाही. काम सांगायचं, पायऱ्या तो ठरवतो. त्याचं काम साधं होतं. उद्या ज्यांची अपॉइंटमेंट आहे त्यांची कार्डं बघायची, त्यांना तमिळमध्ये मेसेज पाठवायचा, आणि उत्तर आलं की कार्डावर शेरा लिहायचा. ‘गुरुवारी येणार.’ ‘शुगरचा रिपोर्ट आणणार.’ असं.

असा एजंट स्वतःच्या हातांनी काही करू शकत नाही. आपण देऊ तीच टूल्स तो वापरतो. टूल म्हणजे एकेका कामाची किल्ली म्हणा. मी आठदहा दिवस डोकं खाजवून ठरवलं होतं की ह्याला तीनच द्यायची. कार्ड बघणं, मेसेज पाठवणं, शेरा लिहिणं. कार्ड बदलणं नाही, पुसणं नाही, मर्ज तर नाहीच नाही. साठवलेल्या माहितीला धक्का लागेल असं एकही टूल मी त्याच्या हाती दिलं नव्हतं. शेरा लिहिल्यानं काय बिघडतं? त्या यादीवर मी ऐटीत सही केली होती.

“त्याच्याकडे मर्जचं टूलच नाही,” मी डॉक्टरम्मांना सांगितलं. “मनात आणलं तरी करता येणार नाही.”

“मग मल्लिगाच,” त्या म्हणाल्या. “एका पेशंटला काही झालं असतं तर हॉस्पिटल बंद करावं लागलं असतं. बुधवार संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं तर ठीक. नाहीतर गुरुवारपासून तिनं येऊ नये. पत्र मी तयार ठेवते.”

मी केबिनबाहेर आलो तेव्हा मल्लिगाम्मा पुढच्या पेशंटला डोळ्यात थेंब घालून बसवत होत्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. माझ्या एका वाक्यानं त्यांच्यावर काय आलंय हे मलाही तेव्हा नीट उमगलं नव्हतं.

मंगळवारी मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर नुसता गोंधळलो. हॉस्पिटलचा नियम असा की सॉफ्टवेअरवाल्याला पेशंटची नावं दिसू नयेत. मला फक्त कार्ड नंबर, वय, पुरुष की बाई, गाव, एवढं दिसतं. त्या त्रेचाळीस ओळी मी समोर ठेवल्या. गावं सगळीकडची. तिरुवैयारू, ओरत्तनाडू, पापनाशम, खुद्द तंजावर. कार्ड नंबरांत काही क्रम नाही. डॉक्टर वेगवेगळे. आजार वेगवेगळे.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. त्रेचाळीसही पुरुष होते.

बाईमाणूस एकही नाही. डोळ्यांच्या हॉस्पिटलात निम्म्याहून जास्त बायकाच येतात. मल्लिगाम्मा जेवता जेवता बटणं दाबत असतील तर एखादी तरी आजी सापडायला हवी. मला वाटलं डिस्क खराब झाली. तपासली, ठीक होती. वाटलं व्हायरस. पण पुरुषांची कार्डं वेचून काढणारा व्हायरस मी पस्तीस वर्षांत पाहिलेला नाही. वाटलं, पुरुष आणि स्त्री ह्यांचे रकाने कुठे उलटसुलट झाले असतील. तेही नव्हतं. दुपारपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मी धरणीला फोन लावला. धरणी आमच्या ऑफिसातली इंजिनियर. एजंट तिनं बांधलाय. हुशार आहे आणि तोडून बोलते.

“धरणी, एजंटनं तीन टूल्स सोडून चौथं काही वापरलंय का?”

“नाही.”

“नीट बघितलंस?”

“सार, चौथं दिलंच नाही तर वापरेल कुठून?”

मी फोन ठेवला. माझं समाधान झालं. विचारायचं होतं एक आणि मी विचारलं भलतंच, हे कळायला आणखी एक दिवस जावा लागला.

तोवर मल्लिगाम्मांच्या कानावर गोष्ट गेली होती. चार वाजता त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

“सार, तारखा दाखवा.”

मी तारखा दाखवल्या. त्या बोट ठेवत खाली खाली आल्या आणि एका तारखेवर थांबल्या.

“ह्या दिवशी मी रजेवर. पापनाशमला बहिणीच्या नातीचं कान टोचणं होतं. सगळ्या गावानं मला पंगतीत वाढताना पाहिलंय. त्या दिवशी सात कार्डं मी कशी जोडली?”

मी पुन्हा पाहिलं. खरंच त्या तारखेला सात मर्ज होती. काउंटर-दोन, दुपारी दीड.

“तुमचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे?” मी विचारलं.

“कोणाकडेही नाही. एकदा डॉक्टरम्मांनी मागितला होता, त्यांनाही दिला नाही. मी स्वतः येऊन टाइप केला.”

“बघतो,” मी म्हणालो.

“बघा सार. माझ्याजवळ दाखवायला दुसरं काही नाही.”

त्या गेल्या. मी कागदावर लिहायला घेतलं. काउंटर-दोनचा पासवर्ड कोणाला माहीत असू शकतो? पहिलं नाव मल्लिगाम्मा. दुसरं कोणी आठवेना. मग सिस्टिमची सगळी खाती कोणाच्या ताब्यात असतात, हे लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. ती माझ्या ताब्यात असतात.

आणि मग आठवलं. एजंट बसवायच्या दिवशी धरणीचा फोन आला होता. एजंटला हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायला लॉगिन लागतं. नवं लॉगिन काढायला डॉक्टरम्मांची सही लागते आणि त्या मदुरैला परिषदेला गेलेल्या. धरणी म्हणाली, “सार, काम अडलंय.” मी तेव्हा कँटीनमध्ये कॉफी पीत होतो. म्हणालो, “तात्पुरतं काउंटर-दोनचं लाव. मी आतून जोडून देतो.” तात्पुरतं ते तात्पुरतंच राहिलं. मी विसरून गेलो.

म्हणजे लॉगमध्ये काउंटर-दोन दिसलं तर त्या मल्लिगाम्मा असतील किंवा एजंट असेल. वहीत दोघांची अक्षरं एकच. मला लाज वाटली.

पण गुंता सुटला नव्हता, वाढला होता. लॉगिन कोणाचंही असो, एजंटकडे मर्जचं टूल नव्हतं. किल्ली नाही आणि दार उघडं. मला काही म्हणता काही कळेना. घरी गेलो तर बायकोनं विचारलं, जेवणात मीठ आहे का. मी म्हणालो, लॉगमध्ये बघतो.

बुधवारी सकाळी मी डॉक्टरम्मांकडून लेखी परवानगी घेतली आणि त्रेचाळीस नावं उघडली. पी. मल्हारराव. के. सुब्रमणियन. टी. आबाजीराव. एम. राजगोपाल. वाचत वाचत सतराव्या ओळीवर आलो.

एस. यशवंतराव. वय चार.

एस. यशवंतराव मी आहे. माझं वय एकोणसाठ.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पत्ता माझा, फोन माझा. शेरा, ‘तिरळेपणा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे.’ हे माझ्या नातवाचं कार्ड. गेल्या महिन्यात सुनेनं त्याला इथे आणून दाखवलं होतं. आणि माझ्या काचबिंदूच्या तपासण्या, दहा वर्षांच्या, त्या चार वर्षांच्या पोरात गडप झाल्या होत्या.

तिथे यादीत बायका का नाहीत ते मला समजलं, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे आडनाव घरात असतं, कागदावर नसतं. कागदावर नावाआधी बापाच्या नावाचं एक अक्षर. माझ्या वडिलांचं नाव शंकरराव, म्हणून मी एस. यशवंतराव. आता पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. म्हणून माझा मुलगा शंकरराव. आणि त्याचा मुलगा पुन्हा यशवंतराव, बाप शंकरराव, म्हणजे एस. यशवंतराव. एक पिढी सोडून नावही तेच आणि अक्षरही तेच. तमिळ घरांतही हीच रीत आहे. घर एक, त्यामुळे पत्ता एक. फोन घरातल्या एकाचाच दिलेला, तोही एक. बायकांचं अक्षर लग्नानंतर नवऱ्याच्या नावावर जातं, म्हणून आजी आणि नात कागदावर सहसा एक होत नाहीत. आजोबा आणि नातू होतात. जुन्या कार्डांत जन्मतारीख सक्तीची नव्हती, त्यामुळे बहुतेक आजोबांचा तो रकाना रिकामा. माझाही.

मी स्वतः ह्या रीतीत जन्मलेला माणूस. दोन दिवस डिस्क तपासत होतो.

कोणाची कार्डं जोडली गेली ते कळलं. ‘कसं’ राहिलं होतं. मी काउंटरवर गेलो. मल्लिगाम्मांच्या समोर रांग होती. रांग संपेपर्यंत थांबलो आणि जे सोमवारीच विचारायला हवं होतं ते विचारलं.

“मल्लिगाम्मा, तुम्ही मर्ज कसं करता?”

“मी मर्ज करत नाही सार.”

“म्हणजे?”

“मी शेऱ्यात डूप लिहिते. बाकीचं आपोआप होतं. तुम्हीच करून दिलंत की. विसरलात?”

विसरलो होतो. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गावोगावच्या कॅम्पात लोक कार्ड हरवून येत आणि नवं काढत. एकेकाची तीन तीन कार्डं. मर्जची स्क्रीन किचकट होती आणि मल्लिगाम्मांसमोर रांग. त्यांनी मला विनवलं, काहीतरी सोपं करा. मी एक छोटा जॉब लिहिला. जॉब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. त्यांनी जुन्या कार्डाच्या शेऱ्यात ‘डूप’ आणि दुसऱ्या कार्डाचा नंबर लिहायचा. दुपारी दीडला काउंटर बंद असताना जॉब सगळे डूप शोधणार आणि ती कार्डं जोडणार. ज्यानं शेरा लिहिला त्याच्याच नावावर लॉगमध्ये मर्ज पडावं, ही हुशारीही माझीच. जॉब स्वतः काही तपासत नव्हता. कशाला तपासेल? मल्लिगाम्मांनी तपासलेलं असायचं.

“तुम्ही लिहिण्याआधी काय बघता?” मी विचारलं.

“बघत काही नाही, विचारते. गाव कुठलं, सोबत कोण आलंय, आणि घरात काय हाक मारतात.”

“हाक कशाला?”

मल्लिगाम्मांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत आलोय असं मला वाटलं.

“सार, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मग पोराला त्याच नावानं कशी हाक मारेल? म्हणून पोराला घरात राजा, कण्णा, काहीतरी निराळं असतं. राजा म्हणाली की नातू. मामंजी म्हणाली की आजोबा. मला कधी चुकलेलं नाही.”

माझ्या नातवाला घरात कण्णाच म्हणतात.

मी तिथूनच धरणीला फोन लावला. “एजंटनं कुठली टूल्स वापरली ते राहू दे. शेऱ्यात काय लिहिलं ते वाच.”

ती वाचत गेली. ‘गुरुवारी येणार.’ ‘रिपोर्ट आणणार.’ मग थांबली.

“सार, इथे लिहिलंय, डूप. खाली नंबर. आणि त्याआधी त्यानं स्वतःसाठी कारण टिपलंय. नाव, अक्षर, पत्ता, फोन सारखे. अशा वेळी काउंटरवरचे लोक डूप लिहितात असं जुन्या शेऱ्यांवरून दिसतं. म्हणून शेरा लिहीत आहे.”

“त्याला डूप लिहायला कोणी सांगितलं?”

“तुमची सूचना होती सार. शेरे काउंटरवरच्या माणसांसारखे लिही.”

आता सगळं जुळलं. एजंटनं लबाडी केली नव्हती. दिलेल्या तीन टूल्सच्या बाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. तो फक्त शेरा लिहीत होता. शेऱ्यामागे माझा जॉब उभा होता, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी विसरलो होतो. खरी डुप्लिकेट कार्डं मल्लिगाम्मांनी अकरा वर्षांत एकेक करून जोडून टाकली होती. त्याच्यासाठी उरली होती फक्त दिसायला सारखी. आजोबा आणि नातू.

मी जॉब बंद केला. रोज सकाळी सगळ्या कार्डांची एक प्रत वेगळी ठेवली जाते, त्यातून त्रेचाळीस कार्डं परत सुटी केली. मल्हाररावांचं कार्ड उघडून पाहिलं. लाल शेरा जागेवर होता. मग डॉक्टरम्मांच्या केबिनमध्ये गेलो. पत्र टेबलावर होतं, घडी घालून, वर काचेचा पेपरवेट.

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

“सापडलं. मी केलंय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, क्रमानं. शेरा एजंटनं लिहिला. मर्ज माझ्या जॉबनं केलं. नाव मल्लिगाम्मांचं पडलं, कारण त्यांचं लॉगिन मी एजंटला दिलं, त्यांना न विचारता, तुम्हाला न विचारता. आणि सोमवारी तुम्ही मला सरळ विचारलंत तेव्हा मी न तपासता नाही म्हणालो.

“म्हणजे एजंटनंच केलं.”

“डॉक्टरम्मा, त्याच्यावर ढकलून मला सुटता येईल. पण उद्या दुसरा एजंट आला तरी हेच होईल.”

मग त्यांनी मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. सगळं रास्त होतं. शेवटी त्यांनी पत्र फाडलं आणि मल्लिगाम्मांना आत बोलावलं.

“उद्या ये,” त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

“येणारच आहे,” मल्लिगाम्मा म्हणाल्या. “उद्याच्या ऑपरेशनची यादी माझ्याकडे आहे.”

मग आम्ही बदल केले. एजंटला स्वतःचं लॉगिन मिळालं, डॉक्टरम्मांच्या सहीनं. त्याचे शेरे आता निराळ्या रकान्यात पडतात आणि तो रकाना कुठलाही जॉब वाचत नाही. जॉब मी काढूनच टाकला. दोन कार्डं सारखी वाटली तर एजंट मल्लिगाम्मांच्या स्क्रीनवर तसं कळवतो. त्या फोन करून विचारतात, आणि बटण त्या दाबतात. जन्मतारीख सक्तीची केली. कार्डावर ‘घरातली हाक’ असा एक नवा रकाना आला, तो मल्लिगाम्मांच्या सांगण्यावरून. धरणी म्हणाली, “मग एजंट मर्जच्या बाबतीत काय कामाचा?” मी म्हणालो, “विचारण्याच्या.” ती हसली नाही. तिनं तसं लिहून घेतलं.

मल्हाररावांचं ऑपरेशन गुरुवारी नीट पार पडलं. त्यांना दुसरी गोळी दिली. सुनेनं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “आतां बरं आहे. पण तुमच्या त्या मशीनास सांगून ठेवा, आमच्या घरांत मल्हारराव दोघे आहेत.” सासऱ्यांचं नाव तोंडून गेल्याचं तिच्या लक्षात आलं आणि तिनं जीभ चावली.

दुपारी दीडला काउंटर बंद झालं. मल्लिगाम्मा आतल्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. दहीभात आणि लिंबाचं लोणचं. मी समोरच्या खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, “मल्लिगाम्मा, माफ करा. चूक माझी होती.”

त्यांनी मान हलवली. दोन घास खाल्ले. मग विचारलं, “सार, त्या एजंटला काय काय करू द्यायचं, ह्याचा विचार तुम्ही किती दिवस केलात?”

“आठदहा दिवस.”

“आणि माझं नाव त्याला द्यायचा?”

मला खोटं बोलवेना. “कॉफी संपेपर्यंत.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता मी कुठल्याही कामाला टूल्सची यादी करायला बसलो की त्या यादीच्या डोक्यावर आधी एक ओळ लिहितो, हे कोणाच्या नावावर पडणार. त्या माणसाला जाऊन विचारतो. मग बाकीचं.

मल्लिगाम्मांनी त्याच दुपारी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड त्यांनी मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.